आगंतुक, गिलान आणि विहार

पार्किन्सन या मेंदूच्या विकाराचे वर्णन इंग्लंडमधील डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होऊन हालचाल मंदावते. अनेकांचे हात कापतात, आवाज खालावतो, चेहरा भावहीन दिसतो. असा उपासक मुलांकडे नव्या वसाहतीत राहावयास आला की लोक त्याला तुटक, क्वचित मद्यपीही समजतात. मग तो विहारात येणेच सोडतो.

याबाबत विनयपिटक स्पष्ट आहे. चुल्लवग्गात आगंतुक भिक्खूसाठी आसन मांडणे, पाय धुण्यास पाणी ठेवणे, निवासस्थान सांगणे हे आवासिकांचे वत्त, म्हणजे कर्तव्य, मानले आहे. महावग्गात अतिसाराने पीडित, एकाकी भिक्खूवर भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. आणि ज्याला उपाध्याय, आचार्य वा सोबती नाही अशा गिलानाची, म्हणजे रुग्णाची, शुश्रूषा संघाने करावी असा नियम झाला. दोन्ही ठिकाणी पुढाकार तेथे राहणाऱ्यांचा आहे. येणाऱ्याने याचना करावयाची नाही.

आज हे वत्त आपले आहे. अशा उपासकास खुर्ची द्यावी, पंचांग प्रणामाचा आग्रह धरू नये, त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबावे, औषधाची वेळ विचारून घ्यावी. तो आला नाही, तर आपण त्याच्या घरी जावे.