विश्लेषण : जुन्या पिकअपचे पुढचे ‘बुश’ का झिजतात? घाटात ते धोक्याचे का ठरतात?

भाताची झोडणी आटोपली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पिकअप गाड्यांची धावपळ वाढते. पहाटे भेंडी-काकडीच्या गोण्या कल्याणच्या बाजारात पोहोचवायच्या, दिवसा वीटभट्टीच्या फेऱ्या मारायच्या आणि उन्हाळा लागला की पाड्यांवर पाण्याच्या टाक्या न्यायच्या. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरी तिथल्या अनेक वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात पाणी गाडीनेच येते. या गाड्यांपैकी अनेक दहा-बारा वर्षे वापरलेल्या, काही तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात असतात. पुढच्या चाकाकडून ‘टक टक’ आवाज येऊ लागला तरी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणून काम पुढे ढकलले जाते. त्या आवाजामागे बहुतेक वेळा काही शे रुपयांचा रबरी भाग असतो. मात्र तो वेळेवर बदलला नाही तर टायर, स्टिअरिंग आणि ब्रेक या तिघांवर परिणाम होतो. बदलला, पण चुकीच्या पद्धतीने बसवला, तर तो काही महिन्यांत पुन्हा जातो.

बुश म्हणजे नेमके काय?

चाक चासीला थेट जोडलेले नसते. स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत पुढचे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर तोललेले असते. हे आर्म चासीला जिथे जोडले जातात, तिथे बुश बसवलेले असतात. एकात एक अशी लोखंडाची दोन नळकांडी आणि त्यांच्यामध्ये पक्के चिकटवलेले रबर, अशी त्याची रचना असते. चाक वर-खाली झाले की आर्म फिरतो आणि त्याबरोबर रबर थोडे पिळले जाते. धातूवर धातू घासू नये, खड्ड्याचा दणका चासीपर्यंत पोहोचू नये आणि चाक आपल्या जागी राहावे, ही तिन्ही कामे हे रबर करते.

काही मालवाहू गाड्यांत पुढेही पाटे असतात. तिथे पाट्याच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये बुश असतात. याशिवाय गाडीचा कल आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारला आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकांनाही छोटे रबरी बुश असतात.

या भागात ते लवकर का झिजतात?

रबर वयानेही म्हातारे होते. ऊन, हवा आणि इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होते, त्याला चिरा पडतात आणि शेवटी ते धातूपासून सुटते. शहापूर-मुरबाडमध्ये त्यात रस्त्यांची भर पडते. मुंबई-नाशिक आणि कल्याण-माळशेज हे मोठे रस्ते सोडून डोळखांब, किन्हवली, धसई किंवा टोकावड्याच्या आतल्या गावांकडे वळले की खड्डे, मुरुमाचे तुकडे, मोऱ्या आणि गतिरोधक सुरू होतात. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चालकाला दिसत नाही आणि चाक वेगात आदळते. चिखल आणि पाणी आतल्या नळकांड्यात शिरते, बोल्ट गंजतो आणि तिथेच जाम होतो.

दुसरे कारण वजन. पिकअपमधील माल मुख्यत: मागच्या चाकांवर येतो, हे खरे. पण ब्रेक लावला की वजन पुढे सरकते. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी उतारावर थांबवताना पुढच्या बुशवर पडणारा ताण त्याच प्रमाणात वाढतो.

तिसरे कारण फारसे लक्षात घेतले जात नाही. गंज लागू नये म्हणून धुलाईनंतर गाडीच्या खालच्या बाजूला डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची पद्धत सर्रास दिसते. पत्र्याला त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, पण नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते आणि मऊ पडते. पावसाळ्याआधी केलेली ही ‘काळजी’च बुशचे आयुष्य कमी करते.

झिजल्याचे ओळखायचे कसे?

खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून हळू जाताना पुढून टकटक आवाज येतो. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत सावरत बसावे लागते. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने खाल्ला जातो. अलाइनमेंट करून आणली तरी थोड्याच दिवसांत ती पुन्हा बिघडते.

यातील काही लक्षणे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा चाकाचे बेअरिंग गेल्यावरही दिसतात. त्यामुळे केवळ आवाजावरून बुश मागवणे योग्य नाही. मागच्या चाकांना ओट लावून, गाडी उचलून आणि चासीखाली घोडी ठेवून आर्म आणि चासी यांच्यामध्ये पहार घालून हलके दाबून पाहिले जाते. चांगला बुश किंचित दबतो आणि लगेच पूर्वस्थितीत येतो. झिजलेल्या बुशमध्ये आर्म मोकळा सरकतो, रबराला आरपार चीर दिसते किंवा आतले नळकांडे मध्यापासून एका बाजूला गेलेले असते. वरवरच्या बारीक चिरा म्हणजे बुश गेला असे नाही. रबर धातूपासून सुटले आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

घाटात धोका का वाढतो?

ब्रेक लावल्यावर रस्ता चाकाला मागे ढकलतो. हा जोर आर्ममार्फत बुशवर येतो. रबर सुटलेले असेल तर आर्म मागे सरकतो आणि त्याबरोबर चाकाची दिशा बदलते. डाव्या बाजूचा बुश चांगला आणि उजव्या बाजूचा झिजलेला असेल, तर दोन्ही चाके वेगवेगळ्या प्रमाणात वळतात. चालकाने स्टिअरिंग सरळ धरलेले असते, पण गाडी मात्र एका बाजूला जाते.

सपाट रस्त्यावर कमी वेगात हे सावरता येते. कसारा किंवा माळशेज घाटाच्या उतारावर मागे माल भरलेला, रस्ता ओला आणि वळणावर समोरून ट्रक, अशा वेळी सावरायला जागा नसते. घाटात आधीच तापलेल्या ब्रेकवर भिस्त असते. त्यात चाकाची दिशा बदलली तर चालकाच्या हातात फार काही उरत नाही.

टायरचा खर्च कसा वाढतो?

बुश ढिला झाला की चाकाचे कोन बदलतात. चाक गाडीच्या दिशेपेक्षा केवळ १ अंशाने तिरके राहिले, तरी १ किलोमीटरच्या प्रवासात ते भूमितीच्या हिशेबाने सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. मुरबाड ते कल्याण हे अंतर साधारण ३० किलोमीटर धरले, तर एका फेरीत टायर अर्धा किलोमीटर आडवा ओढल्यासारखे होते. रोजच्या फेऱ्यांत नवा टायरही लवकर एका कडेने गुळगुळीत होतो. बुशची किंमत शेकड्यांत आणि टायरची हजारांत असल्याने, बुशसाठी टाळलेला खर्च टायरच्या रूपाने अनेक पटींनी बाहेर पडतो.

बदलण्याचे काम कसे होते?

चाक काढून, आर्म आणि बॉल जॉइंट सोडवून आर्म बाहेर घ्यावा लागतो. यातील सर्वात धोक्याचा टप्पा स्प्रिंगचा आहे. कॉइल स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. खालचा आर्म आधार न देता सोडला तर ती झटक्यात बाहेर उडून प्राणघातक इजा करू शकते. त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसर किंवा जॅकचा पक्का आधार लागतो. टॉर्शन बार असलेल्या गाडीत बार सैल करण्यापूर्वी खुणा करून ठेवल्या नाहीत, तर नंतर गाडीची उंची दोन्ही बाजूंना सारखी येत नाही. केवळ जॅकवर किंवा दगडांवर टेकवलेल्या गाडीखाली जाणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

जुना बुश काढायला आणि नवा बसवायला हायड्रॉलिक प्रेस हवा. तो नसेल तर घण मारून किंवा गॅसने रबर जाळून बुश काढले जातात. घणाने आर्मचे घर वेडेवाकडे होते आणि नवा बुश त्यात घट्ट बसत नाही. रबर जाळल्याने विषारी धूर होतो आणि आर्मचा धातू नको तितका तापतो. छोट्या गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर आर्म काढून लेथवाल्याकडून बुश दाबून आणणे हा सोपा मार्ग आहे. काही बुशमध्ये रबराला मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. असा बुश जुन्याच्याच दिशेने बसवावा लागतो. डाव्या-उजव्या बाजूचे बुश जोडीने बदलणे आणि गंजलेले बोल्ट व लॉक नट नवे घालणे योग्य.

नवे बुश काही महिन्यांतच का जातात?

गाडीमालक अनेकदा दोष सुट्या भागाला देतात. नकली माल बाजारात असतोच, पण चूक बऱ्याचदा बोल्ट आवळण्याच्या वेळेत असते. अशा बुशचे बाहेरचे नळकांडे आर्ममध्ये आणि आतले नळकांडे बोल्टने चासीच्या कानांत घट्ट धरलेले असते. मध्ये काही फिरत नाही; रबर पिळले जाते, एवढीच हालचाल. गाडी उचललेली असताना चाक आणि आर्म खाली लोंबतात. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची विश्रांतीची जागा तिथेच ठरते. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते. पुढे प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळले जाऊन लवकर फाटते.

म्हणून बोल्ट आधी हातापुरते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून हलवायची आणि मगच पिटमध्ये उतरून किंवा रॅम्पवर चढवून शेवटचे आवळायचे. किती आवळायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. यानंतर अलाइनमेंट करणे अनिवार्य आहे. ते टाळल्यास नवे बुश असूनही टायर खाल्लाच जातो.

ग्रीस लावावे की नाही?

उत्तर बुशच्या प्रकारावर अवलंबून आहे. पाट्याच्या शॅकलमध्ये धातूचा बुश आणि ग्रीस निपल असेल तर नियमित ग्रीस भरलेच पाहिजे, विशेषत: पावसाळ्यात. चिकटवलेल्या रबरी बुशला मात्र साधे ग्रीस किंवा ऑइल लावू नये. आवाज बंद करण्यासाठी तेल सोडले तर तो काही दिवस थांबतो, पण रबर अधिक वेगाने खराब होते. पॉलियुरेथेनचे बुश तेलाला दाद देत नाहीत आणि जास्त टिकतात. पण ते कडक असल्याने हादरे चासीपर्यंत पोहोचतात आणि त्यांना ठरावीक प्रकारचे ग्रीस लागते. रोज माल वाहणाऱ्या गाडीसाठी कंपनीच्या मापाचा दर्जेदार रबरी बुश बहुधा पुरेसा ठरतो.

कायदा काय सांगतो?

मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते २ वर्षांसाठी, तर त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी घ्यावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, माहीत असलेला किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष घेऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे. त्या दोषामुळे अपघात झाल्यास शिक्षा वाढते. प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या दिवसापुरती स्थिती सांगते. नंतरच्या एका पावसाळ्यात बुशची अवस्था बदलू शकते.

तपासणी केव्हा करावी?

या भागासाठी वर्षातून दोन वेळा सोयीच्या आहेत. पहिली मे महिन्यात, पावसाआधी. दुसरी पाऊस संपल्यावर, भाजीपाला आणि वीटभट्टीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी. टायर बदलताना आणि अलाइनमेंटआधीही पहार लावून बुश पाहावेत. ऐन हंगामात गाडी दिवसभर गॅरेजमध्ये उभी करणे मालकाला परवडत नाही, म्हणूनच हे काम हंगामाआधी उरकणे हिताचे.