आळीची मते आणि शाळेचा कारभार

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पारावर एक हिशेब हमखास सुरू होतो. "वरच्या आळीनं हात दिला, खालच्या आळीनं घात केला!" मत गुप्त असते खरे, पण मोजणी केंद्रवार होते, म्हणून कोणत्या वस्तीतून किती मते पडली ते कळते. या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, ते आज पाहू. उदाहरण लांबचे घेतो. लांबच्या भांडणाकडे शांतपणे पाहता येते, एवढाच त्यातला हेतू.

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेले शाळामंडळ पाहते. खर्चाचा मोठा भाग घराजमिनीवरच्या करातून येतो. म्हणून मत सगळ्या नागरिकांना. मूल त्या शाळेत जात असो वा नसो. इथेच गाठ पडते.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला ईस्ट रामापो नावाचा शाळाविभाग आहे. मंडळात ९ सभासद. २०१७-१८ साली तेथील सरकारी शाळांत सुमारे ८,८०० मुले होती. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी घरांतली. खाजगी शाळांत सुमारे २९,००० मुले होती. ती बहुतेक गोऱ्या घरांतली, ज्यू धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांत जाणारी. आता या पालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कर तेही भरतात. ज्या शाळेत आपले मूल नाही तिच्यासाठी कर वाढू नये असे कुणालाही वाटेल. पण २००९ नंतरच्या तंगीत मंडळाने शिक्षक कमी केले, कला-संगीताचे तास कापले, बालवर्ग अर्ध्या दिवसावर आणला, तेव्हा झळ बसली ती दुसऱ्यांच्या मुलांना.

मग त्या पालकांनी आपली माणसे निवडून का आणली नाहीत? कारण प्रत्येक जागेसाठी सबंध विभाग मत देत असे. साधे गणित करा. १०० मतदार आहेत. ६० एका बाजूचे, ४० दुसऱ्या. दर जागेला सगळ्यांनीच मत द्यायचे, तर नऊच्या नऊ जागा ६० जणांच्या हातात जातात. ४० जणांना ४ जागा नव्हे, एकही मिळत नाही! आपल्याकडे ग्रामपंचायतीचे सदस्य प्रभागवार निवडले जातात. प्रभाग केले की धाकट्या वस्तीलाही एखादी जागा हाती लागते.

२०१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेची स्थानिक शाखा आणि काही मतदार न्यायालयात गेले. अशा खटल्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. अल्पसंख्य लोक एका भागात पुरेशा संख्येने राहतात का? ते एकदिलाने मत देतात का? आणि बाकीचे एकगठ्ठा मत देऊन त्यांचा उमेदवार नेहमी पाडतात का? पण मतपत्रिकेवर नाव नसते. मग तज्ज्ञांनी कोण मतदानाला आले होते त्याची यादी घेतली. आडनाव आणि राहण्याची जागा यांवरून मतदार कोणत्या समाजाचा असण्याचा किती संभव आहे ते काढले, आणि केंद्राकेंद्रांच्या निकालांशी ताडून पाहिले. २०२० मध्ये न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य धरली, जुनी रीत बेकायदेशीर ठरवली आणि ९ प्रभाग करायला लावले. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केले.

पण इथे एक सावधगिरी हवी. १९५० साली रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३० च्या जनगणनेवरून एक गंमत दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. म्हणजे परदेशी लोक जास्त शिकलेले का? छे! एकेक माणूस पाहिला तर उलटेच होते. त्यांच्यात निरक्षर जास्त. ते लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच. तात्पर्य, वस्तीचा आकडा वस्तीपुरता. त्यावरून अमक्या घराने काय केले हे ठरत नाही. ईस्ट रामापोत तज्ज्ञांनी गटाविषयी, संभवाच्या भाषेत, अनेक निवडणुका पाहून सांगितले. आणि निघाले काय? व्यवस्था बदलायचा हुकूम; कोणा घरावर ठपका नव्हे.

पारावरचा हिशेब मात्र घराघरावर जातो. मग कुणाच्या आळीचा नळ लांबणीवर पडतो, कुणाचा रस्ता. २००८ मध्ये आपल्या निवडणूक आयोगाने अनेक केंद्रांची मते एकत्र मोजण्याची सूचना केली, ती याच भीतीपोटी.

गुरुजनहो, शेवटी एक काम सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. दुर्बल घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा दिली आहे. तुमच्या समितीची यादी काढा. प्रत्येक नावापुढे त्याची वाडी लिहा. शेजारी त्या वाडीची किती मुले शाळेत येतात ते लिहा. सगळी नावे गावठाणातली आणि निम्मी मुले वाड्यांवरची निघाली, तर दोष कोणत्याही वाडीला देऊ नका. पुढच्या पालकसभेत एवढेच विचारा: "लांबच्या वाडीचं माणूस कुठे आहे?"