होडीची घडण आणि वल्हविण्याचे श्रम

लाकूड पाण्यावर का तरंगते, हे आपण वर्गात समजावून देतो. परंतु तरंगणाऱ्या दोन होड्यांपैकी एक हलक्या हाताने चालते व दुसरी नावाड्याचा घाम काढते, याचे कारण क्वचितच सांगितले जाते. खाडीकाठच्या मुलांनी हा फरक प्रत्यक्ष पाहिलेला असतो. तेथूनच पाठास आरंभ करावा.

चालत्या होडीस पाण्याचा विरोध मुख्यतः दोन प्रकारे होतो. पहिला घर्षणाचा; तळ शेवाळलेला असल्यास तो वाढतो. दुसरा लाटांचा. होडी पाणी बाजूस सारते, त्यामुळे पुढे लाट उठते आणि वेगाबरोबर तिची लांबी वाढत जाते. ही लांबी होडीच्या लांबीएवढी झाली म्हणजे होडी आपल्याच लाटेत अडकते. मग कितीही जोर केला तरी श्रम वाढतात, वेग फारसा वाढत नाही. ४ मीटर लांबीच्या होडीस ही अवस्था ताशी सुमारे ९ किलोमीटर वेगास येते. लांब होडीस ती उशिरा येते, आणि होडी निमुळती असल्यास लाटही लहान उठते. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे हौद बांधून लहान प्रतिकृतींवर याचा अभ्यास केला.

मग सर्वच होड्या लांब व अरुंद का नसतात? कारण अरुंद होडी लवकर कलंडते. रुंद होडी एका अंगास झुकली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो व पाणी तिला पुन्हा वर रेटते. मात्र रुंदीबरोबर विरोधही वाढतो. कोकणातील कारागिरांनी यावर काढलेला तोडगा मला फार मार्मिक वाटतो: अरुंद होडीच्या एका बाजूस, काही अंतरावर, आडव्या दांड्यांनी उलांडी बांधावयाची. होडी सडपातळच राहते, आधार मात्र रुंदीचा मिळतो.

ज्या शाळेतील मुले होडीने ये-जा करतात, तेथे एक गोष्ट अवश्य पटवून द्यावी. उभे राहिल्याने भाराचा मध्य वर जातो आणि स्थिर होडीही अस्थिर होते. मुलांनी खाली, मध्यभागी बसावे. जीवरक्षक जाकीट घालावे.

प्रयोगासाठी एकाच लाकडाचे, सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्यावेत. एक आखूड व रुंद, दुसरा लांब व दोन्ही टोकांस निमुळता. प्रत्येकाच्या टोकास दोरा बांधून तो हौदाच्या कडेवर बसविलेल्या रिकाम्या रिळावरून बाहेर सोडावा, त्यास एकच खडा आळीपाळीने लावावा व लागणारा वेळ मोजावा. खडा फारच हलका असल्यास फरक कमी दिसेल, कारण मंद वेगास लाट जवळजवळ उठतच नाही. अशा वेळी थोडा जड खडा लावून पाहावा.