गढवालच्या वाटेवर कुटकीचा मागोवा

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही सहा वैद्यमित्र उत्तराखंडातील नीती खोऱ्यात सेवाशिबिरासाठी निघालो होतो. सहांपैकी दोघांच्या स्वतःच्या फार्मसी आहेत. हृषीकेशला पोहोचताच निमंत्रकांचा निरोप आला की, जोशीमठाच्या पुढे दरड कोसळून मार्ग बंद झाल्याने शिबिर पुढे ढकलले आहे. परतीचे आरक्षण दहा दिवसांनंतरचे होते. तेव्हा ज्या पर्वतावरून आपली द्रव्ये येतात तो तरी डोळ्यांनी पाहावा, असे ठरवून आम्ही अलकनंदेच्या काठाने वर निघालो.

देवप्रयागचा संगम, गढवालचे श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग ही गावे प्रवासवर्णनांतून वाचकांस परिचित आहेतच. गोपेश्वरला औषधांच्या पेट्या निमंत्रकांच्या कार्यकर्त्यांकडे सोपविल्या. तेथून जवळच मंडल हे गाव आहे. १९७३ साली क्रीडासाहित्याच्या कारखान्यासाठी होणारी अंगू वृक्षांची तोड येथील ग्रामस्थांनी रोखली आणि चिपको आंदोलनास आरंभ झाला. आज त्याच मंडल येथे राज्य शासनाची जडीबुटी शोध एवं विकास संस्था आहे. पुढे चोपत्याहून तुंगनाथास चढून गेलो. सुमारे ३६०० मीटर उंचीवरील हे बुग्याल, म्हणजे वृक्षरेषेवरील गवताळ कुरणे, हेच कुटकी, अतिविषा, जटामांसी यांचे माहेर.

सोपविलेल्या पेट्यांत आरोग्यवर्धिनीच्या गोळ्या सर्वाधिक होत्या. या कल्पात कुटकी इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित भाराइतकी घ्यावयाची, हे वैद्यबंधूंना सांगावयास नको. म्हणजे दहा किलो चूर्णामागे पाच किलो कुटकी! शिवाय कुटकीचे उपयुक्तांग भूमिगत कांड असल्याने ते काढताना बहुधा सबंध रोपच उपटले जाते. बीज पक्व होऊन सांडण्यापूर्वीच खणती झाली तर त्या जागी पुढील पिढीही उरत नाही. अतिविषेच्या कंदाचीही तीच गत. कुटकी व जटामांसी ही दोन्ही द्रव्ये ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या द्वितीय परिशिष्टात आहेत. परंतु त्या कराराचा अंमल निर्यातीवर चालतो, आपल्या खलबत्त्यावर नव्हे.

द्रव्य दुर्मिळ होणे ही आपल्या शास्त्रास नवी गोष्ट नाही. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ आहे, असे भावमिश्रांनी त्यांच्या काळीच नोंदविले. मेदा-महामेदेऐवजी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, अतिविषेऐवजी मुस्ता असे प्रतिनिधी त्यांनी दिले. मात्र प्रतिनिधी द्रव्य सांगून वापरावयाचे असते. बाजारात जे होते ते न सांगता होते, आणि त्याला प्रतिनिधी नव्हे, भेसळ म्हणतात. आमच्या मते रुग्णास गुण न येण्याचे खापर अनेकदा शास्त्रावर फुटते, ते खरे तर बिलावर फुटावयास हवे.

परतताना कर्णप्रयागहून थराली व देवालमार्गे घेस या गावी गेलो. येथील शेतकरी कुटकीची लागवड करतात. मुक्कामी मंडुव्याची भाकरी मिळाली. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच हे कळताच आमच्यातील कोकणस्थ मित्राने तिसरी मागून घेतली. शेतात छोट्या वाफ्यांतून जमिनीलगत पसरलेली रोपे पाहिली. एका वृद्ध शेतकऱ्याने सुकविलेला तुकडा हातावर ठेवला. आम्ही तो चाखला आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. कडूपणाबद्दल शंका राहिली नाही!

पीक हाती येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. जंगलातून चोरून आलेल्या मालाला ना मशागतीचा खर्च, ना प्रतीक्षा. त्याच्याशी भावात स्पर्धा करणे शेतकऱ्यास कठीण जाते. शेतातील माल खोऱ्याबाहेर नेण्यास ‘रवन्ना’ हा वाहतूक परवाना लागतो. दिल्लीच्या खारी बावलीतून पोती मागविताना लागवडीचा दाखला व रवन्न्याची प्रत किती फार्मसीचालक मागतात?

त्या वृद्ध गृहस्थांनी आमच्या दोघा फार्मसीवाल्या मित्रांना एवढेच विचारले, “आज लावले तर तीन वर्षांनी तुम्ही घ्याल का?” दोघांनी आपापल्या वार्षिक गरजेचा हिशेब तेथेच मांडला आणि घेण्याचे वजन व वर्ष कागदावर लिहून दिले. दर मात्र सुगीच्या वेळी ठरावयाचा आहे.