‘आत्याबाईला मिशा असत्या तर…’ गेममधला इतिहास किती पटतो?

बेळगाव : १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले असते तर? मराठी घरात हा विषय निघाला की ताटातलं जेवण थंड होतं. शेवटी कुणीतरी वडीलधारं माणूस ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ असं म्हणून वाद मिटवतं. आता हाच ‘तर’ घेऊन घरातली मुलं रात्र रात्र कॉम्प्युटरपुढे बसत आहेत.

या गेमना ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ म्हणतात. यात बंदूक घेऊन धावायचं नसतं, अख्खा देश चालवायचा असतो. कर, कर्ज, फौज, तह, वारसा सगळं खेळणाऱ्याच्या हातात. स्टॉकहोमच्या ‘पॅराडॉक्स’ कंपनीचे गेम यात सर्वांत प्रसिद्ध. २०१३ चा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा १४४४ ते १८२१ हा काळ दाखवतो. २०१६ चा ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ १९३६ पासून सुरू होऊन दुसऱ्या महायुद्धात नेतो. हौशी मंडळी मूळ गेममध्ये स्वतःचे बदल करून ते फुकट वाटतात, त्याला ‘मॉड’ म्हणतात.

अडचण पुढे येते. या गेममधले नकाशे मूळ संदर्भ सोडून मोबाइलवर फिरतात. दहावीतल्या मुलाला ‘हे असंच होणार होतं’ असं वाटू शकतं. म्हणून कुठला ‘तर’ पटण्यासारखा आणि कुठला निव्वळ हौसेचा, हे ओळखता यायला हवं.

एक नोंद बदलली की पुढचा हिशेब बदलतो

‘कायझरराइख’ हा गाजलेला मॉड बघा. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरलीच नाही आणि जर्मनी जिंकला, ही त्याची कल्पना. ऐकायला अचाट वाटते, पण तिला आधार आहे. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांना सरसकट जहाजं बुडवायची मोकळीक दिली. त्यातून बिघडत जाऊन अमेरिकेने ६ एप्रिलला युद्ध पुकारलं. दुसरीकडे ब्रिटनचा गल्ला रिकामा होत चालला होता. नोव्हेंबर १९१६ मध्येच अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बोर्डाने आपल्या बँकांना परदेशी सरकारांच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांपासून जपून राहायला सांगितलं होतं. म्हणजे पाणबुड्यांचा तो एक निर्णय फिरला असता, तर युद्धाचा निकाल फिरण्याची वाट खरोखर होती.

पण मॉड तिथे थांबत नाही. पुढे फ्रान्समध्ये क्रांती, १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये क्रांती, राजघराणं कॅनडात, अमेरिकेत यादवी. इथे साधं गणित करावं. प्रत्येक पायरी घडण्याची शक्यता ७० टक्के धरली, तरी पाच पायऱ्या ओळीने घडण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के उरते. एकेक पायरी पटते, सगळा जिना मात्र डळमळतो.

मॉड बनवणाऱ्यांनाही हे कळतं. ‘कायझरराइख’च्या चमूने जुने अतर्क्य भाग वेळोवेळी काढले किंवा नव्याने लिहिले. ज्यांना अचाटपणाच हवा होता, त्यांच्यासाठी ‘कायझररेडक्स’ हा वेगळा मॉड निघाला. दोन्ही खेळावेत, फक्त आपण काय खेळतोय ते ठाऊक असावं.

निजाम पुढारी, मग शिंदे-गायकवाड?

याच मॉडमध्ये भारताचे तीन तुकडे आहेत. दिल्लीत ब्रिटिश छत्राखालचं राज्य, कलकत्त्यात क्रांतिकारी सरकार आणि हैदराबादच्या निजामाच्या पुढारपणाखाली संस्थानांचा संघ. हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या वाचकांना यात रस वाटेल.

संस्थानांचा संघ हवेतून आलेला नाही. १९२१ मध्ये नरेंद्र मंडळ सुरू झालं होतं. १९३५ च्या कायद्यात संस्थानांसह संघराज्याची योजनाही होती. पुरेशी संस्थानं सामील झाली नाहीत आणि ती कागदावरच राहिली. घोडं पेंड खातं ते इथे. ग्वाल्हेर आणि बडोदा ही दोन्ही संस्थानं हैदराबादसारखीच २१ तोफांच्या सलामीची. मानपानाच्या त्या दुनियेत शिंदे आणि गायकवाड यांनी निजामाला पुढारी म्हणून मानलं असतं का? खुद्द हैदराबादेत बहुसंख्य प्रजा काय म्हणाली असती? मॉड या प्रश्नांची काय उत्तरं देतो, यावर तो किती पटतो हे ठरतं. प्रत्यक्षात सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजेच्या कारवाईने हैदराबादचा प्रश्न पाच दिवसांत निकाली निघाला.

गेमचे नियम कुठे फसवतात

गेममध्ये चांगला खेळाडू १९४० मध्ये जर्मन फौज इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरवतो आणि लंडन घेतो. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत याच चढाईचा सराव कागदावर खेळला गेला. जर्मन फौज किनाऱ्यावर उतरली खरी, पण ब्रिटिश आरमाराने पाठीमागची रसद तोडली आणि तिचा धुव्वा उडाला. फौज पोचवणं सोपं, तिला रोज दाणागोटा पोचवणं अवघड. ही अडचण गेममध्ये हलकी होऊन जाते.

दुसरी फसगत म्हणजे खेळणाऱ्याला पुढचं सगळं माहीत असतं. अमेरिका खंड कुठे आहे आणि हिटलर कधी हल्ला करणार, हे त्याला आधीच ठाऊक. त्या काळच्या राजांना ही सोय नव्हती.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांना हमखास खटकते. ‘युरोपा’ १४४४ पासून खेळलं तर मराठी राज्य मोठं होऊन ‘मराठा’ सत्ता बनू शकतं, पण शिवाजी महाराज येतीलच असं नाही. महाराजांचा जन्म १६३० चा. दोन शतकं आधीच घडामोडी बदलल्या, तर पुढची माणसं आणि लढाया तशाच राहणार कशा? इथे गेम बरोबर आहे.

खरा इतिहासही कधी पटत नाही

न पटणारं ते खोटंच, असंही नाही. नजरकैदेतला एक पुढारी जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या घरातून निसटतो, काबूलमार्गे बर्लिन गाठतो, १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीतून निघतो आणि मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीत बदलून जातो. मॉडमध्ये कुणी असं लिहिलं असतं, तर ‘काहीही काय!’ म्हणून लोक हसले असते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ते करून दाखवलं.

आपल्या दारातला ‘तर’

आता ही कसोटी घरच्या विषयाला लावून बघू. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. वेगळं राहण्याच्या बाजूने, म्हणजे ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मतं पडली आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, म्हणजे ‘फुला’ला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. १७,०११ मतदारांनी शिक्का बदलला असता, तर एका मताने का होईना, निकाल उलटला असता. हा ‘तर’ पटण्यासारखा आहे.

पण मग ‘गोवा आला असता, म्हणजे बेळगावही आलंच असतं’ असं म्हटलं की दुसरी पायरी सुरू होते. सीमाप्रश्नासाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमलेला होता. ती फाइल वेगळी, तिथले दावे वेगळे. गोव्याच्या मतपेटीने तिचा निकाल आपोआप लागला नसता. मनाला काहीही वाटो, हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तीन प्रश्न विचारा

मुलांनी गेम खेळू नये, असं कुणी म्हणण्याची गरज नाही. बर्गंडी, बहमनी, विजयनगर ही नावं कित्येकांना गेममुळेच ओळखीची झाली. फक्त खेळताना तीन प्रश्न विचारावेत. नेमकी कुठली एक गोष्ट बदलली? ती बदलायला त्या वेळच्या माणसांकडे कारण आणि पैसा होता का? आणि त्यानंतरच्या किती गोष्टी नुसत्या हव्याशा वाटतात म्हणून घडवल्या आहेत?

हे प्रश्न घेऊन मूल खऱ्या इतिहासाच्या पुस्तकाकडे वळलं, तर रात्रीचं जागरण कारणी लागलं. आणि पानिपताचा वाद पुन्हा निघाला, तर आत्याबाईच्या मिशांवर तो मिटवण्याआधी वडीलधाऱ्यांनीही हेच तीन प्रश्न विचारून बघावेत.