पाव आण्यातले आकाश

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ कुणी वेदकाळासाठी उघडतो, कुणी सिद्धान्तांसाठी. मला वर्षानुवर्षे ओढ राहिली ती त्यातल्या अलीकडच्या माणसांची. पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून 1896 साली निघालेल्या या ग्रंथात दीक्षित स्वतःच्या काळापर्यंत येतात, आणि केरूनाना छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, व्यंकटेश बापूजी केतकर यांची चरित्रे सांगू लागतात. वराहमिहिर, भास्कराचार्य यांच्या पंक्तीत ही माणसे बसवण्याचे धैर्य मला फार मोठे वाटते.

पुण्यातल्या पंचांगवादाची सुरुवात केरूनानांपासून होते. 1860 मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आली. ‘ग्रहलाघव’ या जुन्या गणितग्रंथावरून मांडलेले ग्रह आकाशात त्या जागी सापडत नाहीत, हे त्यांनी नव्या गणिताने दाखवून दिले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने 1865 पासून पटवर्धनी पंचांग सुरू झाले. त्यात राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून धरला होता. हा तारा जेमतेम पाचव्या प्रतीचा. आजच्या पुण्यात डेक्कनवर उभे राहून तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा नाही. त्या अंधूक ताऱ्यापासून मोजले की अयनांश, म्हणजे मार्चमधल्या वसंतसंपाताच्या बिंदूपासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचे अंतर, अठराच्या आसपास येत, रूढ पंचांगात ते बाविसाच्या घरात होते. चार अंशांचा फरक, म्हणजे संक्रांत चार दिवस अलीकडे! अधिक महिनाही कधीकधी वेगळा पडे. पुढे टिळक पंचांगाने हाच पक्ष उचलला. म्हणून ते पाळणाऱ्या घरांची दिवाळी आजही एखाद्या वर्षी शेजाऱ्यांच्या दिवाळीपासून महिनाभर दूर जाते.

केरूनानांना खरा प्रतिवाद मिळाला तो ग्वाल्हेरहून. विसाजी रघुनाथ लेले ‘स्फुटवक्ता अभियोगी’ या सहीने वर्तमानपत्रांत लिहीत. त्यांचा प्रश्न सरळ होता. ग्रह शुद्ध केलेत, मग आरंभबिंदू का नाही? सूर्य उत्तरेकडे वळलेला डिसेंबरच्या 21-22 तारखेला दिसतो, तर मकरसंक्रांत जानेवारीत कशाला? वसंतसंपातापासूनच मोजा, सायन पंचांग करा. तर्काच्या बाजूने पाहिले तर मला लेल्यांना उत्तर सापडत नाही.

लेल्यांना दोन साथीदार मिळाले. एक जनार्दन बाळाजी मोडक, काव्येतिहाससंग्रहाच्या संपादकांपैकी एक. दुसरे दीक्षित, 1853 साली दापोली तालुक्यातल्या मुरुडला जन्मलेले शाळामास्तर. 1880 च्या दशकात या तिघांनी सायन पंचांग चालवले. एक ग्वाल्हेरला, एक ठाण्याला, तिसरा बदली होईल तिकडे: ठाणे, बार्शी, धुळे. पंचांग म्हणजे वर्षभराच्या तिथिनक्षत्रांचे आकडे. त्यातला एक चुकला तर कुणाचा तरी उपास चुकायचा. इतक्या अंतरावरून हे काम टपालाशिवाय होणारच नव्हते. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले होते, आणि मास्तरांच्या पगारात आकाशाची चर्चा परवडू लागली होती.

दीक्षित स्वतः या भांडणातले पक्षकार होते, तरी प्रतिपक्षाच्या केरूनानांचे काम सांगताना त्यांनी कुठे हात आखडता घेतलेला नाही. वाद घालावा तो असा.

त्यांच्या गणिताला गिऱ्हाईकही अनपेक्षित मिळाले. शिलालेखतज्ज्ञ फ्लीट यांना एरणच्या स्तंभावरची तिथी पडताळून हवी होती: गुप्त संवत 165, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. दीक्षितांचे उत्तर आले, 21 जून 484. वार तंतोतंत जुळला आणि गुप्त संवताच्या आरंभाच्या वादात एक भक्कम पुरावा मिळाला. पुढे रॉबर्ट सिवेल यांच्यासोबत ‘इंडियन कॅलेंडर’ झाले, तेही 1896 मध्येच. ते इतिहासकारांइतकेच न्यायालयांसाठीही होते. जमिनीच्या दाव्यात पुढे केलेल्या जुन्या कागदावर तिथी आणि वार जुळत नसेल, तर दस्तऐवज बनावट ठरवता यावा! लंडनमध्ये छापलेल्या त्या ग्रंथाच्या शीर्षकपानावर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या शिक्षकाचे नाव सिवेलच्या बरोबरीने आहे.

आणि हेच गृहस्थ सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ लिहीत होते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. दिवसभर राबलेल्या माणसाने जेवणानंतर अंगणात यावे, तेवढाच वेळ. पुण्यात 1944 च्या ऑगस्टमध्ये हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. तिची वंशावळ मी तरी या पुस्तकापासून लावेन.

एप्रिल 1898 मध्ये दीक्षित पुण्यात वारले, पंचेचाळिशीही न गाठता. लेले त्याआधीच गेले होते. सायन पंचांगाला घराघरांत जागा मिळाली नाही. मात्र मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने वसंतसंपाताचेच वर्ष उचलले, आणि 22 मार्च 1957 रोजी, 1 चैत्र शके 1879 या मितीला, भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सणांसाठी त्याच समितीने 23 अंश 15 कलांचे अयनांश कायम ठेवले, त्यामुळे तिळगूळ अजून जानेवारीतच वाटला जातो.