मुरमातलं पाणी

नव्या विहिरीचं खोदकाम चालू असताना काठावर उभं राहून आत पाहावं. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम, मग छिद्राछिद्रांचा मांजऱ्या खडक आणि तळाशी सुरुंगालाही सहजी दाद न देणारा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर महाराष्ट्राच्या ऐंशी टक्के भूभागाखाली पसरले आहेत. गंगेच्या खोऱ्यात एक घनमीटर वाळूतून दीडशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आपल्या खडकातून मिळतं जेमतेम 10 ते 30 लिटर. म्हणजे आपली टाकी मुळातच लहान आणि उथळ. ती लवकर भरते, लवकर रितीही होते.

त्यात पावसाची चाल बदलली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला, तर मुरमाला तो पिता येत नाही. उघड्या डोंगरावरून पाणी मातीसकट ओढ्याला लागतं आणि दिवाळीनंतर विहिरी खालावू लागतात.

धावत्या पाण्याला थांबवणारी सर्वात स्वस्त गोष्ट म्हणजे गवत. त्याची पाती थेंबांचा मार झेलतात, मुळं माती धरून ठेवतात, आणि कुजलेल्या मुळांच्या वाटांनी पाणी खाली उतरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं नव्वदच्या दशकात डोंगरावर चर खोदले, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. चर गाळानं भरतात. गवत दरवर्षी नव्यानं उगवतं, शिवाय कापून आणलं तर गोठ्यात दूधही वाढवतं.

आता थोडा हिशेब करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या शिवारात 400 मिलिमीटर पडला, तर 400 कोटी लिटर. साडेबाराशे वस्तीच्या गावाला माणशी रोज 55 लिटर धरले, तर वर्षाला लागतात अडीच कोटी. पावसाचं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, काही वाहून जातं, हे खरं. तरीही दुष्काळी म्हणवणाऱ्या गावात टँकर का येतो, याचं उत्तर आभाळात कमी आणि शिवारात जास्त सापडतं.

हिवरे बाजारनं हे उत्तर वहीत मांडलं. गावात पर्जन्यमापक आहेत, विहिरींच्या पातळ्या मोजल्या जातात आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी, मग पिकांचं. पाऊस कमी झाला, तर रब्बीचं क्षेत्र कमी. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावानं स्वतःवर घालून घेतलेली ही बंधनं आहेत.

बाहेरून येणारे पाहुणे बंधाऱ्यांचे फोटो काढून नेतात, ही वही मात्र मागे राहते. म्हणूनच अनेक ठिकाणी बंधारे होतात आणि पाठोपाठ बोअरही वाढतात. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यानं भरणं हा तर उघड तोट्याचा व्यवहार: सावलीत सुरक्षित असलेलं सामायिक पाणी उपसून उन्हात वाफ व्हायला ठेवायचं. ओढ्याचा तळ सरसकट खोल खणताना मुरमाचा थरच उचलला गेला, तर टाकीच फोडल्यासारखं होतं.

यंदा ऑक्टोबरात तुमच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: गावच्या विहिरींत आज किती हात पाणी आहे, आणि तेवढ्यावर किती एकर गहू निघेल? उत्तर नसेल, तर दोरीला दगड बांधा आणि पहिली विहीर त्याच दिवशी मोजा.